दुसरी चटई

१

माझ्या अध्यापनाच्या उभ्या कारकिर्दीत मी मान खाली घालून कधीही हजेरी घेतली नाही. नाव उच्चारायचे, मान वर करायची, चेहरा पाहायचा आणि मगच ‘हजर’ हा शब्द ग्राह्य धरायचा, अशी माझी पद्धत होती. मैत्रिणीच्या नावाला भलतीच मुलगी ‘हजर’ म्हणाली, तर ती मला आवाजावरूनही कळे; परंतु मी आवाजावर विसंबत नसे. आवाज फसवतो, रिकामे बाक फसवत नाही. शिवाय उत्तर न आलेले नाव मी तसेच सोडून पुढे जात नसे. ओ येईपर्यंत पुन्हा पुकारीत असे. ‘बाईंच्या तासाला भिंतीसुद्धा ताठ उभ्या राहतात,’ असे मुली माझ्यामागे म्हणत आणि ते मला ऐकू येत नाही, असा त्या बिचाऱ्यांचा समज होता.

हे मी फुशारकीने सांगत नाही. म्हणजे थोड्याच फुशारकीने सांगते. पुढचे सारे या सवयीमुळे घडले, म्हणून ते आधी सांगणे भाग आहे.

मेहुणे गेल्यानंतर मी माझे बिऱ्हाड मोडून धाकट्या बहिणीकडे राहायला आले. तिला आम्ही लहानपणापासून चिमणी म्हणतो. खाली मेहुण्यांचे चष्म्यांचे दुकान आहे, ते आता बंद असते. वर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. पुढच्या खोलीची जमीन लाकडी फळ्यांची आहे. पाऊल कोठे पडले, ते डोळे मिटूनही सांगता येते. चिमणी त्या खोलीत पडदे शिवते. लोकांच्या खिडक्या झाकणे हा तिचा व्यवसाय, आणि लोकांना नीट दिसावे हा मेहुण्यांचा. दोघांचा संसार कसा टिकला, असे मी थट्टेने विचारी, तेव्हा मेहुणे चष्मा पुसता पुसता हसत.

ते अतिशय अदबशीर गृहस्थ होते. कोणी खोलीत आले की उठून उभे राहात. बाकावर ऐसपैस जागा असली, तरीही वीतभर सरकून दुसऱ्याला जागा करून देत. आयुष्यभर हा माणूस सरकतच राहिला, असे मला कधी कधी वाटे. शेवटच्या आजारात त्यांना फार थंडी वाजत असे. अंगावर तीन पांघरुणे असूनही ते म्हणत, ‘जरा गार वाटतंय, पण राहू द्या, तुम्ही बसा.’

२

दोघे नवराबायको अनेक वर्षे रोज सकाळी समोरच्या सभागृहात एका वर्गाला जात. तो वर्ग चालवणाऱ्या वृद्ध गृहस्थांना सारा मोहल्ला ‘श्वासवाले’ म्हणे. शरीरात पाठीच्या कण्याच्या तळापासून टाळूपर्यंत सात चक्रे असतात आणि तेथून प्राण वर चढतो, अशी त्यांची शिकवण. एकाने चटईवर उताणे निजायचे. जोडीदाराने शेजारी गुडघ्यांवर बसून, डोळे मिटून, अंगाला स्पर्श न करता तळहात वीतभर वरून न्यायचा आणि एकेका चक्राचे नाव घ्यायचे. नाव घेतले की त्या जागी ऊब जाणवते, असे ते म्हणत. मी एकदा पाहायला गेले होते. ‘ऊर्जा वर ओढा!’ असे ते ओरडले, तेव्हा ‘ऊर्जा म्हणजे विहिरीतली बादली आहे का?’ असे मी विचारले होते. त्यानंतर मला कोणी बोलावले नाही.

मेहुणे गेले आणि चिमणीने सारे सोडले. तिला झोप येईना. शिवता शिवता ती पडद्याच्या दुमडीत तोंड खुपसून रडे आणि मग तो ओला काठ निमूटपणे इस्त्री करी. श्वासवालेही वर्ग बंद करून मुलीकडे दुसऱ्या गावी निघून गेले होते. शेवटी मीच म्हणाले, “ऊठ. चटई घाल. नावे मी घेते.”

“तू?” ती रडता रडता हसली. “तुझा विश्वास तरी आहे का त्यावर?”

“माझा विश्वास असण्याची गरज नाही. तुझी झोप महत्त्वाची.”

तिने दोन चटया घातल्या. शेजारी शेजारी, कडा जुळवून.

“दुसरी कशाला?”

“सवय आहे गं. एकच घातली की खोली उघडी पडल्यासारखी वाटते.”

माणूस गेल्यावर त्याचा पेला कोण उचलतो लगेच!

ती निजली. मी डोळे मिटले, हात पुढे केला आणि स्पष्ट उच्चारात म्हणाले, “मूलाधार!”

“ताई, अगं, ते चक्र आहे. मागच्या बाकावरचं कार्टं नाही. दरडावू नकोस.”

“निजून राहा. स्वाधिष्ठान!”

तळहाताला ऊब लागली, हे मी नाकारणार नाही. जिवंत शरीरातून उष्णता बाहेर पडते. त्यात गूढ काही नाही. मणिपूर, अनाहत, विशुद्ध, आज्ञा, सहस्रार. बेंबी, छाती, गळा, कपाळ, टाळू. सातही ठिकाणी माझ्या हाताला जणू कोणी आज्ञाधारकपणे ‘हजर’ म्हणत होते. त्या दुपारी चिमणी शिवणयंत्राशेजारी गाढ झोपली. मला त्या वेळी जो अभिमान वाटला, तो मी लपवणार नाही.

३

काही आठवडे हा क्रम सुरळीत चालला. मग एका सकाळी मी “मूलाधार” म्हणाले आणि हाताला काहीच लागले नाही.

उघड्या खिडकीपुढे हात धरावा, तसे वाटले. मी पुन्हा नाव घेतले. काही नाही. उत्तर न आलेले नाव सोडून पुढे जाणे मला जमत नाही, हे मी सांगितलेच आहे. मी आवाज चढवला आणि तिसऱ्यांदा, चौथ्यांदा पुकारले. तेव्हा ऊब आली. भरपूर आली, एरवीपेक्षा जरा अधिकच. जणू कोणी उशिरा आल्याबद्दल ओशाळून घाईने ओ दिली.

शाळेतल्या सवयीने मी मान वर केली आणि डोळे उघडले.

चिमणी माझ्यासमोर निजली होती. माझा हात मात्र तिच्यावर नव्हता. तो तिला ओलांडून पलीकडे गेला होता. दुसऱ्या चटईवर, वीतभर वर, तरंगत होता. खाली चटईखेरीज काही नव्हते.

मी हात मागे घेतला नाही. आधी विचार केला. गुडघ्यांवर बसून कंबर आखडली असेल, तोल पुढे गेला असेल. ऊन चटईवर पडले असेल. मी खिडकीकडे पाहिले. ऊन अजून चौकटीवरच होते. जमिनीवर उतरायला त्याला अवकाश होता.

“काय झालं गं?” चिमणीने डोळे न उघडता विचारले.

“काही नाही. पुढचे घेते.”

नंतर चटया गुंडाळताना मी दुसरीवर तळहात टेकवला. तिचा मधला एक पट्टा उबदार होता. बसमध्ये शेजारचा प्रवासी उठून गेल्यावर त्याची जागा असते, तसा. मी ती चटई घट्ट गुंडाळली आणि भिंतीशी उभी केली. दिवसभर तिच्याकडे पाठ करून बसले नाही, एवढे मात्र आठवते.

४

आता जे सांगते, ते त्या काळात कोणालाही वाईट वाटले नाही. मलासुद्धा नाही.

चिमणी सावरू लागली. फरशी बर्फासारखी गार असतानाही ती स्वयंपाकघरात अनवाणी वावरे. “पाय गारठतील,” असे म्हटले, तर “मला कुठे काय लागतंय!” म्हणे. मग तिची भूक गेली. ताटावर माझ्यासोबत बसे, माझ्याशी गप्पा मारी आणि घास पुढे सरकवून ठेवी. मग एके दिवशी माझ्या लक्षात आले, की पडद्यांचे काठ कोरडे आहेत. ती रडेनाशी झाली होती.

रोज सकाळी एकेक नाव उशिरा ओ देत होते. मी आता डोळे उघडे ठेवी. हात तिच्याच अंगावर धरी. तिथे काही लागत नसे. पण नाव घेताच माझ्या हाताची पलीकडची बाजू, करंगळीची, हळूहळू उबदार होई. शेकोटी कोणत्या बाजूला आहे, ते हाताला बरोबर कळते.

भाचीचा दूरध्वनी आला. “मावशी, आई किती सावरली गं! आवाज अगदी शांत झालाय तिचा. जादूच केलीस तू.”

“जादू नाही, शिस्त,” मी म्हणाले. स्तुती ऐकली की माझी जीभ माझ्या आधी बोलते.

त्याच दुपारी चिमणी पडद्यावर इस्त्री फिरवत होती. डावा हात तिने कापडावर टेकवला होता. इस्त्री आली आणि तिच्या बोटांच्या टोकांवरून सावकाश पुढे गेली. मी किंचाळले. तिने आधी माझ्याकडे पाहिले, मग बोटांकडे.

“अगंबाई,” ती म्हणाली. कोणाचे तरी बटण तुटलेले दिसावे, तितक्याच आस्थेने.

बोटांवर मलम लावताना मी तिचा हात धरला होता. तो संगमरवरासारखा होता. मी विचारले, “चिमणे, खरे सांग. त्यांची आठवण येते का तुला?”

तिने जरा नवलाने माझ्याकडे पाहिले. “आठवण लांबच्या माणसाची काढतात, ताई.”

डॉक्टरांनी तिला तपासले. नाडी मंद आहे, रक्तदाब थोडा कमी आहे, वयानुसार असे होते, अंगात गरम कपडे घालावेत, असे त्यांनी सांगितले. तिचा गळा तपासताना ते क्षणभर थांबले आणि त्यांनी आपली बोटे एकमेकांवर चोळली. मग आणखी एक गोळी लिहून दिली.

५

श्वासवाल्यांचा क्रमांक मी भाचीकडून मिळवला.

“कोण, हेडबाई?” ते म्हणाले. “विहिरीतली बादली आठवते मला. अजून वर ओढतोय.”

मी त्यांना सारे क्रमवार सांगितले. श्वास शिकवणाऱ्या माणसाचा श्वासही मला ऐकू येईना.

“चटया किती घालता?”

“दोन. तिची सवय आहे.”

“आणि नाव घेताना डोळे?”

“सुरुवातीला मिटलेले होते. तुमचीच पद्धत.”

“माझीच,” ते म्हणाले. “बाई, नाव घेतलं की ओ येते. कोणाची येते, ते बघायला डोळे लागतात. मी मिटायला शिकवलं लोकांना.”

“याचा अर्थ काय? मला नीट स्पष्ट करून सांगा.”

“स्पष्ट करून सांगता आलं असतं, तर चांगला चालता वर्ग मोडून लेकीच्या दारात येऊन बसलो असतो का मी? दुसरी चटई उचला. नावं बंद करा. आणि... ते फार सज्जन होते हो तुमचे मेहुणे. वाईट नका वाटून घेऊ.”

मी दुसरी चटई कपाटात कोंडली, किल्ली स्वतःजवळ ठेवली आणि नावे घेणे बंद केले.

चिमणीने हट्ट केला नाही. सकाळी तिने उरलेली चटई घातली आणि ती निजली. चटईच्या अगदी काठावर, एका कुशीला, एक खांदा जमिनीवर येईल अशी. उरलेली अर्धी चटई तिने मोकळी ठेवली होती.

“नीट मध्ये नीज,” मी म्हणाले.

तिने ओठ हलवले. आवाज आला नाही. मी जवळ वाकले, तेव्हा कुजबुज ऐकू आली: “मग ते कुठं निजतील?”

फरक असा, की आता मी नाव घेत नव्हते, तरीही ती गार होत चालली होती. दोन दिवसांनी ती जिन्यात कोसळली. पायांखाली पायरी आहे हे तिच्या पायांना समजलेच नाही. भाची घाबरली, आठवड्याच्या शेवटी येते आणि आईला मोठ्या रुग्णालयात नेते, असे तिने कळवले. मी हो म्हटले. पण मला ठाऊक होते, की तेथेही कोणी तरी आपली बोटे चोळील आणि एक गोळी वाढवून देईल. आणि आठवड्याचा शेवट लांब होता. गळ्यापर्यंत सारे गेलेच होते. कपाळ आणि टाळू, एवढेच उरले होते.

६

वर्गात एखादी जागा सतत भलत्यानेच बळकावली, तर शिक्षिकेने काय करावे? तेथे जाऊन स्वतः बसावे. मी पुष्कळदा तसे केले आहे.

सकाळचे लख्ख ऊन खोलीत आले होते. रस्त्यावर कोणी तरी दुकानाचे दार वर सरकवत होते. चिमणी चटईच्या काठावर निजली होती. मी तिला उठवून बसवले.

“आज तू नावे घे. मी निजते.”

“तू?” नुसते ओठ.

“का? मला चक्रे नाहीत?”

ती हसली असावी. मी चटईच्या त्या मोकळ्या अर्ध्या भागावर पाठ टेकली.

चटई गार नव्हती. पाठीखाली ऊब होती, आणि ती सपाट नव्हती. उंचसखल होती. अंथरुणात आधीच कोणी निजलेले असताना अंधारात आपण चुकून तेथेच टेकावे, तशी. ‘उष्णता’, मी मनात म्हणाले, ‘ऊन’, ‘फळ्या’, ‘वय’. एकही शब्द टिकला नाही.

आणि मग ते सरकले.

घाई नव्हती, झटका नव्हता. माझ्या पाठीखालून, भिंतीच्या बाजूला, वीतभर. एक फळी वाजली, मग तिच्या पलीकडची. त्यानंतर माझ्या पाठीखाली नुसती चटई उरली, आणि माझ्या उजव्या कुशीला, खांद्यापासून घोट्यापर्यंत, ऊब.

मला जागा करून दिली गेली होती.

मी मान वळवली नाही. फक्त डोळे वळवले. भिंत दिसली. भिंतीवर उन्हाची तिरीप होती. आणि तिच्यात, माझ्या डोळ्यांच्या उंचीवर, धुक्याचा एक लहानसा गोल उमटला, विरला आणि पुन्हा उमटला. काच पुसण्याआधी माणूस तिच्यावर श्वास सोडतो, तसा.

“मूलाधार,” चिमणी कुजबुजली. तिचे डोळे मिटलेले होते.

कण्याच्या तळाशी काही तरी सैल झाले आणि उजवीकडे वाहून गेले. दुखले नाही. गरम पाण्याच्या घंगाळ्यातून कोणी एक तांब्या काढून घ्यावा, इतकेच. शेजारची ऊब किंचित थरथरली. शेवटच्या आजारात पांघरूण घातल्यावर मेहुणे थरथरत, अगदी तसे. त्या क्षणी मला भीतीपेक्षा दुसरेच काही वाटले. हा माणूस द्वाड नव्हता. आपण कोणाचे काय घेतो आहोत, हेही त्याला कळत नसावे. त्याला गार वाटत होते आणि शेजारी नेहमीचे माणूस निजले होते.

मग ते माणूस मी का असू नये?

“मूलाधार,” चिमणीने पुन्हा पुकारले. तिच्या हाताला ओ हवी होती.

माझ्या वर्गात दुसरीच्या नावाने ओ देणाऱ्या मुलीला मी तासभर उभे करीत असे. मी छत पाहात, खणखणीत आवाजात म्हणाले, “हजर.”

चिमणी फिसकन हसली. आवाजासकट. कित्येक दिवसांनी.

दुपारी तिने स्वयंपाकघरातून हाक मारली, “ताई, काही खायला आहे का गं? पोटात कावळे ओरडताहेत.” मग पाय उचलून धरत म्हणाली, “ई! फरशी केवढी गार!”

मी तिच्याशेजारी अनवाणी उभी होते. मला फरशी जाणवत नव्हती.

७

भाची आली, ती आईला जेवताना पाहून दारातच रडू लागली. मग आईही रडली. दोघी गळ्यात गळे घालून मेहुण्यांच्या नावाने मनसोक्त रडल्या. रुग्णालयाचे नाव निघाले नाही. त्या गडबडीत एक सकाळ आमची चटई घालायची राहून गेली, तर संध्याकाळी चिमणीच्या हाताची बोटे पुन्हा दगड झाली होती. दुसऱ्या दिवशी मी उजाडताच चटई घातली.

तेव्हापासून एकही सकाळ चुकवलेली नाही.

मी वेळेवर जेवते, घड्याळ पाहून. पायमोजे घालते, कारण ते घालायचे असतात. “तू वाळत चाललीस गं,” असे चिमणी म्हणते, आणि “म्हातारपणी मेद शोभत नाही,” असे मी उत्तर देते. ती आता पडदे शिवताना गुणगुणते. मध्येच मेहुण्यांची आठवण निघते आणि काठ ओला होतो. तो ओला काठ पाहून मला फार समाधान वाटत असे.

‘असे’ म्हणते, कारण आज सकाळी तिने ‘अनाहत’ घेतले.

ते नाव जवळ येत चालले होते, हे मी जाणून होते. छातीतले गेल्यावर चिमणीबद्दल आपल्याला काय वाटेल, याचा मी आदल्या दिवशी पुष्कळ विचार केला होता. तिच्या लहानपणी मी तिची वेणी घाली, तेव्हा ती मान कशी मागे टाकून हसे, ते मुद्दाम आठवून ठेवले होते. आठवण असली म्हणजे वाटणे नसले तरी काम भागेल, असे मी ठरवले. काही मुली गणित न समजता पाठ करतात. त्याही उत्तीर्ण होतात.

खोलीत ऊन होते. माझ्या उजव्या कुशीला ऊब होती. सवयीने आता ती मला जड वाटत नाही. चिमणीने डोळे मिटून हात पुढे केला.

“अनाहत,” ती म्हणाली.

माझ्या छातीत काही हलले नाही. ती थांबली. तिच्या कपाळावर आठी पडली.

“अनाहत... ताई, काही लागत नाहीये गं.”

“पुन्हा घे.”

“अनाहत!” अगदी माझ्या धाटणीने, दरडावून.

आणि तिचा चेहरा खुलला. “आलं! केवढं गरम आहे, ताई! केवढं आहे तुझ्यात, बघ!”

मी पाहिले. तिचा हात माझ्यावर नव्हता. तो मला ओलांडून पलीकडे गेला होता आणि चटईच्या भिंतीलगतच्या रिकाम्या भागावर, वीतभर वर, स्थिर होता. तिच्या करंगळीखालची चटई अगदी हळू वर येत होती आणि खाली जात होती.

तिच्या गालांवर लाली होती. तिची भाजलेली बोटे बरी झाली होती. पापण्या उघडण्यासाठी थरथरल्या.

“डोळे उघडू नकोस,” मी तिला बजावले. “पुढचे नाव घे.”